क्षीण संकेतांचे श्रवण आणि खोडदची शांतता



पुणे शहरात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात, टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र आहे. या केंद्राचे कार्यालय, ग्रंथालय व अभ्यासिका पुण्यात असल्या, तरी त्याचे कान मात्र पुण्यात नाहीत. ते शहरापासून उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातील नारायणगावजवळ खोडद येथे आहेत. तेथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण या नावाने, किंवा जीएमआरटी या आद्याक्षरांनी, ही वेधशाळा साऱ्या जगात ओळखली जाते. मीटरतरंगांच्या पट्ट्यात काम करणाऱ्या जगातील अत्यंत संवेदनक्षम दुर्बिणींत तिची गणना होते.

नारायणगावची ख्याती तमाशाच्या फडांची. गावोगावचे यात्रापंच सुपारी देण्यासाठी तेथील राहुट्यांकडे येतात आणि ढोलकीचा कडकडाट दूरवर ऐकू जातो. त्याच पंचक्रोशीत विश्वातील सर्वांत क्षीण आवाज टिपणारे यंत्र उभे राहावे, हा एक मनोज्ञ योग होय. हे यंत्र ऐकते कसे, त्यात संगणकाचे काम कोणते, आणि या ऐकण्यात परिसरातील गावांचा वाटा किती मोठा आहे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संकेत किती क्षीण?

दूरच्या दीर्घिकांकडून, स्पंदक ताऱ्यांकडून व ताऱ्यांमधील हायड्रोजन वायूकडून रेडिओलहरी पृथ्वीवर अखंड येत असतात. परंतु त्यांची शक्ती कल्पनेपलीकडे अल्प असते. रेडिओ खगोलशास्त्रात ज्याला ठळक म्हणता येईल अशा एखाद्या उगमाकडून तिसांच्या तीस तबकड्या मिळून जी शक्ती गोळा करतात, ती एका वॅटच्या दहा लाख कोटीव्या भागाच्या आसपास असते. संशोधकांना हवे असलेले संकेत बहुधा याहूनही हजारो पटींनी दुबळे असतात. याउलट चंद्रावर एखादा साधा मोबाइल दूरध्वनी चालू ठेवला, तर रेडिओ दुर्बिणीला तो आकाशातील अतिशय प्रखर उगमांपैकी एक भासेल. चंद्रावरच्या दूरध्वनीची ही कथा, तर दुर्बिणीपासून हाकेच्या अंतरावरच्या दूरध्वनीचे काय होत असेल, याची कल्पना श्रोत्यांनी करावी.

असा संकेत पकडण्याचा पहिला उपाय म्हणजे ओंजळ मोठी करणे. खोडदच्या एका तबकडीचे तोंड जमिनीच्या मापात सांगायचे तर पंधरा-सोळा गुंठ्यांचे भरते. तीस तबकड्यांचे मिळून सुमारे पावणेबारा एकर होतात. एवढे मोठे पात्र भरीव पत्र्याचे केले असते, तर त्याचे वजन आणि त्यावर येणारा वाऱ्याचा दाब यांनी खर्च आवाक्याबाहेर गेला असता. म्हणून येथे निष्कलंक पोलादाच्या अवघ्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या तारांची जाळी वापरली आहे. पोलादी दोरांच्या आधाराने ती अन्वस्ताकार ताणून बसविलेली आहे. जाळीची भोके एक ते दोन सेंटिमीटरांची. रेडिओलहरींची लांबी त्यांहून पुष्कळ मोठी असल्यामुळे लहरींना ती जाळी आरशासारखी भासते. वाऱ्याला मात्र ती उघडी खिडकीच असते. कमी खर्चात मोठे काम करण्याची ही युक्ती भारतीय शास्त्रज्ञ व अभियंते यांची आहे.

कल्याणपासून खोडदपर्यंत

या कार्याचे प्रणेते प्रा. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) होत. तरुणपणी ऑस्ट्रेलियात त्यांनी रेडिओ खगोलशास्त्राचे धडे घेतले. तेथील संशोधन संस्थेने भारताला ६ फूट व्यासाच्या ३२ तबकड्या भेट दिल्या. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आल्यावर १९६५ मध्ये स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मुंबईनजीकच्या कल्याण येथे मांडल्या व सूर्याचे वेध घेतले. भारतातील रेडिओ खगोलशास्त्राच्या वाटचालीतील हा महाराष्ट्रात पडलेला पहिला महत्त्वाचा टप्पा. त्यानंतर १९७० मध्ये तामिळनाडूतील उटी येथे डोंगराच्या उतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण पूर्ण झाली. खोडदच्या दुर्बिणीची कल्पना १९८४ च्या सुमारास आकारास आली, नव्वदीच्या दशकात तबकड्या उभ्या राहिल्या, आणि ४ ऑक्टोबर २००१ रोजी श्री. रतन टाटा यांच्या हस्ते ही वेधशाळा जगातील शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली.

जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. या भागात मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी होता. भोवतालच्या डोंगरांचा आडोसा होता. पुण्याचे कारखाने व शिक्षणसंस्था जवळ होत्या. शिवाय हे ठिकाण भूचुंबकीय विषुववृत्तापासून पुरेसे उत्तरेस असल्यामुळे येथील आयनांबर तुलनेने शांत असते, आणि तरीही दक्षिण आकाशाचा मोठा भाग दृष्टिक्षेपात येतो. यांतील डोंगर आणि अक्षांश अढळ आहेत. शांतता मात्र तशी नाही, आणि आजच्या विवेचनाचा रोख तिच्याकडेच आहे.

अनेक कानांचे एक श्रवण

तीस तबकड्यांपैकी चौदा तबकड्या सुमारे एक चौरस किलोमीटरच्या मध्यवर्ती चौकात आहेत. उरलेल्या सोळा तीन भुजांवर दूरवर, निरनिराळ्या गावांच्या शिवारांत विखुरलेल्या आहेत. सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. एकच प्रचंड तबकडी न बांधता ती अशी विखुरली कशासाठी?

वारीतील दिंडीचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. बाजाराच्या गलबल्यात एकट्या टाळकऱ्याचा टाळ ऐकू येत नाही. परंतु तीस टाळकरी एकाच ठेक्यावर टाळ वाजवू लागले, की तो नाद गलबल्यावर उठून येतो. कारण टाळ एकमेकांत मिळतात, गलबला मात्र मिळत नाही. तो ज्याचा त्याचा, वाटेल तसा असतो. तबकड्यांचेही असेच आहे. आकाशातील संकेत तिसांनाही समान असतो, तर प्रत्येकीच्या प्रवर्धकातील खरखर स्वतंत्र असते. संकेत ठेका जुळवून मिळविले, तर संकेताची उंची तीस पट होते. खरखर मात्र जेमतेम साडेपाच पट वाढते. संकेत वर येण्याचे सारे गमक या तफावतीत आहे.

परंतु ठेका जुळविणे सोपे नाही. तिरप्या दिशेने येणारी लहर एका टोकाच्या तबकडीला आधी आणि दुसऱ्या टोकाच्या तबकडीला नंतर गाठते. २५ किलोमीटर अंतर कापायला रेडिओलहरीला सुमारे ८३ मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागांत मोजला जाणारा हा उशीर असतो. तो क्षुल्लक वाटेल. परंतु हायड्रोजनच्या १,४२० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीचे एक आंदोलन सेकंदाच्या सुमारे १४२ कोटीव्या भागात पुरे होते, आणि जुळणी त्याच्याही अंशापर्यंत नेमकी व्हावी लागते. त्यात पृथ्वी फिरत असल्यामुळे हा कालविलंब क्षणोक्षणी बदलत राहतो.

तबकड्या विखुरण्याचा दुसरा लाभ म्हणजे बारकावा. तीस तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीतील संकेतांची तुलना करून, पृथ्वीच्या परिवलनाचाही उपयोग करून घेत, आकाशाचे चित्र रचले जाते. त्या चित्रातील बारकावा जणू २५ किलोमीटर रुंदीच्या एकाच दुर्बिणीने मिळावा तसा असतो.

रेडिओ जेव्हा आज्ञावली होतो

जुन्या पद्धतीच्या रेडिओत निवड, छाननी, जुळणी ही सारी कामे तारांची वेटोळी, धारित्रे व खास घडविलेली मंडले करीत. काम बदलायचे, तर मंडल बदलावे लागे. खोडदच्या दुर्बिणीतही आरंभी संकेतांची जुळणी खास बनविलेल्या यंत्रणेकडे होती. २०१० च्या सुमारास हे काम बाजारात मिळणाऱ्या संगणकांच्या समूहाकडे देण्यात आले. तबकडीकडून आलेला संकेत आकड्यांत रूपांतरित करावयाचा आणि पुढचे सारे गणित आज्ञावलीने करावयाचे, अशी ही पद्धत होय. एकदा लहर आकड्यांच्या रूपात स्मृतीत साठविली, की ८३ मायक्रोसेकंदांचा उशीर भरून काढणे म्हणजे लवकर आलेल्या आकड्यांना तेवढा वेळ थांबवून ठेवणे, एवढेच उरते. नवी कल्पना सुचली, तर नवे यंत्र घडवावे लागत नाही. नवी आज्ञावली लिहावी लागते.

पुढे दुर्बिणीचे मोठे नूतनीकरण झाले. पूर्वी एका वेळी ३२ मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा ऐकता येई. तो आता ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंद झाला आहे. त्यासाठी प्रत्येक प्रवाहाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक तबकडीकडून दोन ध्रुवणांचे दोन प्रवाह येतात. तीस तबकड्यांचे साठ प्रवाह धरले, तर सेकंदाला ४,८०० कोटी नमुन्यांचा हिशेब होतो. तबकड्यांपासून मध्यवर्ती इमारतीपर्यंत हे संकेत प्रकाशतंतूंच्या केबलमधून येतात आणि त्यांचे गणित करण्यात संगणकीय खेळांसाठी विकसित झालेली ग्राफिक्स कार्डे मोठा वाटा उचलतात.

या श्रमाचे फळ कोणते, याची दोन उदाहरणे पुरेशी आहेत. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचे स्कियापरेल्ली हे यान मंगळावर उतरत होते. त्यावरील लहानसा प्रक्षेपक मंगळाभोवती फिरणाऱ्या यानाशी बोलण्यासाठी होता. पृथ्वीपर्यंत पोहोचण्यासाठी तो बनविलेलाच नव्हता. तरीही सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवरून आलेला त्याचा क्षीण संकेत खोडदने टिपला. उतरण्याच्या नियोजित क्षणाच्या थोडे आधी तो संकेत थांबला. यान आदळून नष्ट झाल्याचे पुढे स्पष्ट झाले. ते अखेरपर्यंत बोलत होते याची साक्ष देणाऱ्यांत जुन्नर तालुक्यातील ही दुर्बीणही होती.

दुसरे उदाहरण २०२० मधील आहे. सुमारे ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांतील हायड्रोजनचा संकेत एकेका दीर्घिकेकडून ऐकणे अशक्य होते. पुण्याच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ७,६५३ दीर्घिकांचे संकेत एकमेकांवर रचून त्यांची सरासरी काढली, आणि त्या काळातील हायड्रोजनचे सरासरी प्रमाण प्रथमच मोजले. येथेही न्याय दिंडीचाच आहे. फक्त टाळकरी तीस नसून साडेसात हजारांवर आहेत.

आज्ञावलीची मर्यादा

एवढे ऐकल्यावर सहजच असे वाटेल, की संगणक इतका समर्थ असेल, तर गोंगाटही त्यानेच गाळून टाकावा. काही अंशी तो तसे करतो. विजेच्या तारांवरील ठिणग्यांमुळे उमटणारे क्षणिक ठोके ओळखून वगळणारी यंत्रणा खोडदला बसविलेली आहे. एका तबकडीजवळचा गोंगाट वीस किलोमीटरवरच्या तबकडीत पोहोचत नसेल, तर दोहोंची तुलना करताना तो आपोआप मागे पडतो. तबकड्या विखुरल्याचा हा तिसरा लाभ होय.

तथापि तीन गोष्टी कोणत्याही आज्ञावलीला साध्य नाहीत. गोंगाटाबरोबर जेवढे नमुने वगळले, तेवढे आकाशही वगळले जाते. ते परत मिळत नाही. एखादा बलवान प्रक्षेपक प्रवर्धकाला त्याच्या क्षमतेपलीकडे ढकलू लागला, तर आकडे बनण्यापूर्वीच संकेताची मोडतोड होते, आणि मोडलेल्या संकेताला गणित सांधू शकत नाही. तसेच जो गोंगाट सतत व मंद असतो, तो कित्येक तासांच्या सरासरीत नेमक्या त्या अतिक्षीण संकेतासारखाच डोके वर काढतो. म्हणून परिसरातील रेडिओशांतता ही दुर्बिणीची बाहेरची सोय नव्हे. तबकडी, प्रवर्धक व संगणक यांच्याप्रमाणे ती यंत्राचाच एक भाग आहे. फरक इतकाच, की बाकीचे भाग शास्त्रज्ञांच्या ताब्यात आहेत आणि हा भाग ग्रामस्थांच्या, वीज व दूरसंचार खात्यांच्या आणि नियोजनकर्त्यांच्या हाती आहे.

शांततेची किंमत

ही शांतता फुकट मिळत नाही, हेही स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. मोबाइल मनोरा, कारखाना, रेल्वे या गोष्टी इतरत्र विकासाची चिन्हे मानल्या जातात. येथे त्यांचा विचार वेधशाळेला धरून करावा लागतो. दुर्बिणीच्या पट्ट्यांत ८५० ते १,०५० मेगाहर्ट्झ हा भाग मोकळा सोडलेला आहे, कारण मोबाइल दूरध्वनीची ९०० मेगाहर्ट्झची वर्दळ तेथे असते. परंतु मागणी वाढत आहे. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झची पट्टीही दूरसंचारसेवेकडे गेली, आणि ती दुर्बिणीच्या ऐकण्याच्या पट्ट्यात येते. पुणे–नाशिक रेल्वेमार्गाची आखणी नारायणगाव परिसरातून करण्याच्या प्रस्तावालाही याच कारणाने हरकत घेतली गेली. विजेच्या गाड्यांत वरच्या तारेशी होणाऱ्या संपर्कात ठिणग्या उडतात आणि त्या रेडिओ गोंगाट निर्माण करतात. मार्ग बदलण्याचा विचार पुढे आला, तेव्हा या भागातील लोकांनी नाराजी व्यक्त केली. ती अनाठायी म्हणता येणार नाही. भाजीपाला व फळे पिकविणाऱ्या या पट्ट्याला जलद वाहतुकीची गरज आहेच.

मग विज्ञान की विकास, असा पेच उभा करावयाचा काय? तसे करणे दोहोंच्या हिताचे नाही. वेधशाळेने स्वतःच एक मार्ग दाखवून दिला आहे. तिच्या सर्व तबकड्यांचे संकेत प्रकाशतंतूंतून वाहतात, आणि प्रकाशतंतू रेडिओलहरी फेकीत नाही. ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्याची भारतनेट योजना देशात राबविली जात आहे. या परिसरातील शाळा, दवाखाने, पतसंस्था व घरे यांना तारेवाटे उत्तम इंटरनेट अग्रक्रमाने मिळाले, तर मनोऱ्यांवरील भार हलका होईल आणि शांततेची किंमत मोजणाऱ्या गावांना तिचा मोबदलाही मिळेल. वाहतुकीचा प्रश्नही असाच सोडवावा लागेल. दुर्बीण हलविता येत नाही, म्हणून लोकांनी मुकाट्याने सोसावे, ही भूमिका न्यायाची नव्हे. शास्त्रज्ञ, रेल्वे व लोकप्रतिनिधी यांनी मोजमापे पुढे ठेवून एकत्र बसणे आणि गावांना पर्यायी सोय नेमकी कोणती मिळणार हे आधीच सांगणे, हाच मार्ग हितावह ठरेल.

प्रत्येकाच्या हातचे काम

काही कामे मात्र कोणत्याही मोठ्या निर्णयाची वाट न पाहता करता येतील. विजेच्या खांबावर तडकलेला इन्सुलेटर, सैल जोडणी, झाडाच्या फांदीला घासणारी तार यांतून ठिणग्या उडतात. त्यांची सूचना ग्रामपंचायतीने वेळीच वीज कार्यालयास दिली, तर वीजगळती आणि अपघात टळतात व रेडिओ गोंगाटही कमी होतो. दूरध्वनीला रेंज मिळावी म्हणून विनापरवाना बूस्टर बसविणे कायद्याने मना आहे. असा बूस्टर बिघडला, की तो स्वतःच प्रक्षेपक बनतो आणि शेजाऱ्यांच्या दूरध्वनीतही अडथळा आणतो. हलक्या प्रतीचे दिवे, चार्जर व इन्व्हर्टर यांतूनही असा गोंगाट उमटतो. खरेदीच्या वेळी प्रमाणित वस्तूंचा आग्रह धरणे सरकारी कार्यालयांना व ग्रामपंचायतींना सहज शक्य आहे.

शिक्षकांसाठी तर ही पंचक्रोशी म्हणजे उघडी प्रयोगशाळा आहे. दरवर्षी राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते, परिसरातील शाळांचे विद्यार्थी आपले प्रयोग मांडतात, आणि सामान्य माणसालाही दुर्बीण पाहता येते. याखेरीज आज्ञावलीवर चालणारा रेडिओ शाळेतही आणता येतो. टेलिव्हिजन पाहण्यासाठी बनविलेला, संगणकाला जोडावयाचा अंगठ्याएवढा ग्राही थोडक्या पैशांत मिळतो. २०१२ पासून जगभरचे हौशी अभ्यासक योग्य आज्ञावली वापरून त्याचा सर्वसाधारण रेडिओ म्हणून उपयोग करीत आहेत. त्याला पत्र्याचे कर्णे आणि एक चांगला प्रवर्धक जोडला, तर आपल्या आकाशगंगेतील हायड्रोजनचा १,४२० मेगाहर्ट्झचा संकेत महाविद्यालयाच्या गच्चीवरूनही टिपता येतो. हा ग्राही केवळ ऐकतो, बोलत नाही. काही मिनिटांच्या नमुन्यांची सरासरी काढल्यावर खरखरीतून तो लहानसा उंचवटा वर येताना विद्यार्थ्याने एकदा पाहिला, म्हणजे तीस तबकड्यांचे मर्म त्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नंतर तोच प्रयोग जवळ मोबाइल चालू ठेवून करावा. शांतता म्हणजे काय, हेही त्याला त्याच तासात कळेल.

खोडदच्या जाळीवर आज पडणारी लहर कदाचित पृथ्वी जन्मण्याच्याही आधी निघालेली असते. कोट्यवधी वर्षांच्या प्रवासात तिला कोणी अडविले नाही. अखेरच्या काही किलोमीटरांत एखाद्या सैल तारेच्या ठिणगीने ती बुडून जावी, हे आपल्यापैकी कोणालाच रुचणार नाही. दुर्बीण शास्त्रज्ञांनी बांधली. तिची शांतता मात्र गावांनी आजवर राखली आहे. ती पुढेही राखली जावी आणि ती राखणाऱ्या गावांचे ऋण शासनाने व समाजाने उघडपणे मान्य करून योग्य त्या सोयींच्या रूपाने फेडावे, एवढीच अपेक्षा आहे.